परागंदा, बाकी भावावर

मॉरिशसच्या नोंदवहीत माणसाची उंची लिहिलेली असते, फुटांत आणि इंचांत. वय, जात, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवला ते, आणि अंगावरची खूण: भुवईवर व्रण, हातावर गोंदण, तोंडावर देवीचे वण. या सगळ्याच्या आधी एक नंबर. हा नंबर माणसाला मरेपर्यंत सुटत नाही. लग्न लागलं, मूल झालं, मालकाविरुद्ध तक्रार केली, जिथं म्हणून कागद झाला तिथं नावाशेजारी नंबर आहेच. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या एका कुळाबद्दल कुणी एवढं लिहून ठेवलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि माझा जन्म कागद पाहण्यातच गेला.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी केली आणि राजापुरात घर बांधून राहिलो. टिपण बुक, गुणाकार बुक, आकारफोड, फाळणी हे शब्द घरात मुलाबाळांनाही पाठ. वडिलांनी लहानपणी मोडी गिरवून घेतली होती, तिचा नोकरीत थोडा उपयोग झाला. निवृत्तीनंतर मात्र फारच झाला. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायचं काम महाराष्ट्रभर निघालं. एकाएकी मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना भाव आला. इतकी वर्षं जी अक्षरं वाळवीशिवाय कुणी हाताळत नव्हतं, ती वाचून दाखवायला गाड्या पाठवून आम्हाला नेऊ लागले. त्याच धांदलीत एका ओळखीच्या वकिलाकडून तो माणूस माझ्या दारात आला.

मॉरिशसचा. तिथल्या शाळेत शिक्षक होता, आता निवृत्त. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे पुस्तकी. ‘र’ घशातून निघायचा आणि वाक्य अडलं की मध्येच क्रिओल शब्द यायचा. मला पहिल्या मिनिटापासून काका म्हणू लागला, मग मीही त्याला अरेतुरे करू लागलो. त्याच्याजवळ एक उतारा होता, मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेतून काढलेला. करारावर गेलेल्या मजुरांच्या मूळ नोंदवह्या तिथं जपून ठेवल्या आहेत, आणि वंशज म्हणून गेलात तर आपल्या पूर्वजाचा उतारा मिळतो. त्याला गाव हवं होतं. पणजोबाच्याही मागचा जो पुरुष जहाजातून उतरला, त्याचं.

त्या घराची नावं मी इथं बदलतो. घर नांदतं आहे आणि त्यांच्या बांधाचा एक दावा अजून कोर्टात आहे. जहाजातून उतरलेल्याला आपण धोंडू म्हणू आणि त्याच्या बापाला राघू.

मॉरिशसची गोष्ट आपल्याकडं बिहारच्या अंगानं जास्त सांगितली जाते, आणि ते बरोबरही आहे. बेट 1810 साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलं, पण उसाचे मळे फ्रेंच मालकांकडेच राहिले. 1835 मध्ये गुलामी कायद्यानं संपली. ती संपणार हे दिसत असतानाच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘अॅटलस’ जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या काळात साडेचार लाखांहून जास्त माणसं भारतातून त्या बेटावर उतरली. बहुसंख्य भोजपुरी मुलखातली, त्यानंतर तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेली त्यामानानं थोडी. छळाच्या बातम्यांमुळं 1830 च्या दशकाच्या अखेरीस सरकारनं ही वाहतूक थांबवली होती. 1842 मध्ये ती पुन्हा सुरू केली तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही खुलं ठेवलं. आमच्या धोंडूची नोंद त्यानंतरची, 1850 च्या दशकातली.

त्याला फसवून नेला की तो आपण होऊन गेला, हे पाहुण्यानं मला पहिल्याच बैठकीत विचारलं. कागदावर याचं उत्तर नसतं. मुंबईत गिरण्यांचे भोंगे अजून वाजायचे होते. पहिली गिरणी 1854 साली काढायची ठरली आणि दोन वर्षांनी चालली. पण कोकणातला माणूस त्याच्याही आधीपासून पावसाळा सरला की गलबतात बसून मुंबईला जात होता. गोदीत हमाली कर, पालखी उचल, कुणाच्या घरी पाणी भर, आणि मिरगाच्या आधी परत ये. एकदा का तो मुंबईच्या धक्क्यावर उभा राहिला, की महिना पाच रुपये, वर शिधा आणि कपडा सांगणारा मुकादम तिथं भेटणारच. बेट किती लांब आहे ते कोण सांगणार? समुद्र त्याच्या ओळखीचाच होता. महिना-दीड महिना गलबत चालतं हे मात्र ठाऊक नसावं.

करारातली एक अट पाहुण्यानं सांगितली ती मी विसरलेलो नाही. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी पडलेला माणूस बरा होईपर्यंत मालकाचा देणेकरी होत असे. हे ऐकून मी हसलो, तेव्हा तो जरा दुखावला. मग मी त्याला खोती सांगायला बसलो.

आमच्या भागात सरकारचा सारा गावच्या खोतानं भरायचा आणि कुळांकडून त्यानं वसूल करायचा. खोत म्हणजे वतनदार. कूळ भातजमिनीचं अर्धं पीक द्यायचं, त्याला अर्धेल म्हणत. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवली तर तिसरा हिस्सा, तो तिर्धेल. त्यावर वेठ: खोताचं शेत नांगर, त्याच्या घराला गवत घाल, त्याची पालखी उचल. पीक बुडालं तर बाकी राहायची, ती पुढच्या वर्षी व्याजासकट. डॉ. आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक आणलं तेव्हासुद्धा हे असंच चालू होतं. खोती कायद्यानं गेली ती 1949 च्या अधिनियमानं. तेव्हा धोंडू कुठून निघाला ते समजल्याशिवाय तो कुठं पोचला याचं मोल करता येणार नाही, असं मी पाहुण्याला म्हटलं. त्याला ते पुरतं पटलं नाही, आणि त्यात त्याचंही काही चुकलं नाही. बाकीदार कुळाला खोत छळत असे, पण गाव सोडून मामाच्या गावी गेला म्हणून तुरुंगात टाकत नसे. मॉरिशसमध्ये 1867 च्या कायद्यानंतर करार संपलेल्या जुन्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर भटक्या म्हणून पकडत. त्या जाचामुळेच आज त्याचा फोटो सापडतो. डोक्याला मुंडासं, डोळे ताठ, वय चाळिशीच्या पुढचं. मळ्यांवर मलेरियानं हजारो माणसं गेली तीही त्याच सुमारास, म्हणजे फोटोतला हा माणूस त्यातूनही वाचलेला.

शोधाकडं वळू. आडनाव हे आजच्या माणसाचं पहिलं हत्यार, आणि इथं तेच निकामी. मॉरिशसच्या कारकुनानं लिहून घेतलेलं पहिलं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. आजही तिथल्या मराठी माणसांची आडनावं पाहा: सखाराम, बाबाजी, लक्ष्मण, भिवाजी, फ्रेंच-इंग्रजी मिसळीच्या स्पेलिंगात. म्हणजे माझ्या पाहुण्याचं आडनावच धोंडू. इकडं गावात राहिलेल्यांना तेव्हा आडनावानं कुणी हाक मारत नव्हतं. पुढे शाळेत, पलटणीत किंवा गिरणीत विचारलं तेव्हा प्रत्येक घरानं एकेक आडनाव सांगितलं, कधी सख्ख्या भावांनी वेगवेगळं. आणि धोंडू हे नाव तर असं, की दोन मुलं दगावली की तिसऱ्याचं नाव धोंडू, दगडू, केरू नाहीतर भिकू ठेवायचं, म्हणजे सटवीची नजर जात नाही. ज्या काळात घरटी मुलं दगावत, त्या काळात वाडीगणिक धोंडू सापडणारच.

दुसरा धागा गाव. उताऱ्यात जिल्हा रत्नागिरी आणि परगण्याच्या जागी विजयदुर्ग. ते वाचून तो देवगडला जाऊन आला होता. विजयदुर्ग किल्ला पाहिला, फोटो काढले, गावात चौकशी केली. कुणी काही सांगेना. सांगणार कसे? तेव्हाचे तालुके किल्ल्यांच्या नावानं चालत: सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग. विजयदुर्ग तालुका म्हणजे किल्ल्याचं गाव नव्हे. आजच्या देवगडाबरोबर राजापूर तालुक्याचाही काही भाग त्यात येत असे. गावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत ‘कोंडा’ असं काहीसं होतं. आता आमच्याकडं कोंडये, कोंडसर, कोंडिवळे, आणि नुसत्या कोंड नावाच्या वाड्या तर किती. लिहिणारा कारकून परदेशी, सांगणारा निरक्षर, मध्ये दुभाषा. ‘कोंडा’ एवढं तरी उतरलं याचंच नवल.

मग मी त्याला कागद मिटायला सांगितलं आणि आजी काय बोलायची ते विचारलं. मोजणीला गेलं की पहिल्यांदा नकाशा उघडायचा नसतो. बांधावर बसून म्हाताऱ्याला बोलू द्यायचं असतं. हद्द त्याच्या तोंडून निघते. याच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात. मॉरिशसच्या मराठी घरांनी गोंधळ टिकवला आहे. गणपतीत झाकरी नाचतात, ती आमची जाखडीच. तिथं चतुर्थीची सरकारी सुटी असते आणि गणेशोत्सव 1896 पासून चालत आलेला सांगतात. भाषा गेली, पण देवाला बोलवायची नावं राहिली. आजी गोंधळाच्या वेळी एका देवीला हाक मारायची, ‘अडवरची आई’. अडवर म्हणजे काय हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. याला वाटत होतं, देवीचं विशेषण असावं, वर देणारी वगैरे.

मी चहा ठेवला आणि त्याला म्हटलं, गाडीत बस.

आडिवरे राजापूरपासून लांब नाही. तिथली महाकाली आमच्या पंचक्रोशीची मोठी देवी. देवळात उभा राहिल्यावर तो रडला वगैरे नाही. खांब मोजत होता, शिक्षकच तो. मला मात्र कामाचा नकाशा मिळाला होता. विजयदुर्गाच्या जुन्या हद्दीत, आडिवऱ्याला मानणारी, नावात कोंड असलेली गावं आता बोटावर मोजण्याइतकी उरली.

खरा घोळ पुढे होता. सरकारी दप्तरात 1850 चं कूळ सापडत नाही. खोती गावात सरकारला कुळाचं नाव हवंच कशाला? सारा खोत भरतो, नाव खोताचं. पाहणी झाली, बोटखतं तयार झाली, तेव्हा कोण अर्धेल, कोण तिर्धेल हे लिहिलं गेलं, पण ती पुढची गोष्ट. हक्कनोंदणी तर 1903 च्या कायद्यानंतरची. कोतवाल बुकातले जन्म-मृत्यूही धोंडूच्या उपयोगाचे नाहीत. वंशावळी सांगणारे हेळवी घाटावर फिरतात, कोकण त्यांचा मुलूख नव्हे. नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत, पण त्या वहीत यायला आधी नाशिकला जावं लागतं आणि दक्षिणा द्यावी लागते. आमच्याच जिल्ह्यातून निघालेल्या कितीतरी ब्राह्मण घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत छापले गेले, ते मी आदरानं चाळले आहेत. कुळांचे कुलवृत्तांत नाहीत. मंगळागौरीच्या थाळीतल्या पत्रीसारखं सगळं निवडून, धुऊन, एकेक पान मांडून ठेवायला फुरसत लागते.

म्हणून खोताचं दप्तर. पहिल्या दोन गावांत ते उरलंच नव्हतं. एका ठिकाणी पावसात गेलं, दुसऱ्या ठिकाणी रद्दीत. तिसऱ्या गावात खोतांचा वाडा बंद असतो, मंडळी पुण्याला. पण गणपतीला येतात, आणि त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी माळ्यावरचे रुमाल मला सोडू दिले. वर बसायला पाट दिला, पंखा दिला. ‘आमच्या लोकांनी काय काय केलंय ते वाचा एकदा,’ असं म्हणाल्या, अर्ध्या थट्टेत.

वसूलबाकीच्या वह्या. बोरूचं अक्षर, काळी शाई अजून चकचकीत, कडा कसरीनं खाल्लेल्या. शके 1770 च्या पुढची वर्षं; 78 मिळवली की इसवी सन. कूळ, जमिनीचं ठिकाण, धारा किंवा मक्ता, भाताचे खंडी-मण, नाचणी, मागील बाकी, चालू, वजा, शिल्लक. ओळीमागून ओळ. ‘धोंडू बिन’ पुष्कळ. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि बाप प्रत्येक वेळी वेगळा. आम्हाला बापाचं नाव ठाऊक होतं, ते मॉरिशसच्या कृपेनं. तिथं फ्रेंच धर्तीची जन्म-विवाह-मृत्यूची नोंदणी आहे आणि धोंडूचं उतारवयात रीतसर लग्न नोंदवलं गेलं, त्यात वराच्या बापाचं नाव आलं होतं. कारकुनानं ते ‘रागू’ लिहिलं होतं.

धोंडू बिन राघू सापडला. तीन-चार वर्षांच्या वह्यांत तो येतो. खाजणाच्या वरच्या अंगाला एक भातखाचर आणि सड्यावर वरकस. बाकी दर वर्षी थोडी चढती. मग एका वर्षी नावासमोर जिन्नस काही नाही, आणि त्या जागी तीन शब्द: परागंदा, बाकी भावावर. पुढच्या वर्षीपासून धोंडूची ओळ नाही. भावाच्या ओळीत आकडा वाढलेला.

पाहुण्याला मी ते वाचून दाखवलं. मग दुसऱ्यांदा वाचायला लावलं. त्यानं मोबाइलवर फोटो घेतला आणि विचारलं, ‘काका, भावाची उंची लिहिली आहे का?’

उंची नाही, वय नाही, खूण नाही. गावात राहिलेल्या भावाबद्दल जगात जे लिहिलेलं आहे ते एवढंच, की त्याच्याकडं किती भात येणं होतं. गेलेला धोंडू गोऱ्या मालकाला कामगार म्हणून हवा होता, पळाला तर ओळखायचा होता, म्हणून त्याचं अंग मोजलं. राहिलेला कुठं पळणार नव्हता, तेव्हा त्याचं पीक मोजलं. मी चाळीस वर्षं सरकारी कागद हाताळून जे कधी असं नीट म्हटलं नव्हतं ते त्या माळ्यावर म्हटलं: गरिबाचं नाव लिहिलं जातं ते त्याच्याकडून काहीतरी घ्यायचं असतं तेव्हाच. म्हणून हरवलेला माणूस शोधायचा तर त्यानं काय मिळवलं ते शोधू नये, त्याचं देणं कुणाच्या वहीत आहे ते पाहावं. तेव्हापासून मला भेटायला येणाऱ्यांना मी हेच पहिल्यांदा विचारतो. कर्ज कुणाचं होतं? जामीन कोण? कुठल्या कोर्टात हजर राहिला नाही?

भावाचा वंश मग सोपा होता, तो माझ्याच खात्यातला. बोटखतात भावाचा मुलगा, अर्धेल कूळ. हक्कनोंदणीत नातू. कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 रोजी पणतवंडं जमिनीची मालक झाली, तो फेरफार आहे. त्यातला एक मुंबईच्या गिरणीत होता, 1982 च्या संपानंतर गावी आला. त्याची मुलं आज वाडीत आहेत.

तिथं गेलो तेव्हा अंगणात दहा-बारा माणसं जमली. पाहुण्यानं फोटो काढून दाखवला, उतारा दाखवला, जुळवून ठेवलेली मराठी वाक्यं म्हटली. सगळे ऐकून घेत होते. मागून एक म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ह्यो काय सातबाऱ्याव नाव लावाया आलाय?’ प्रश्न रास्त होता. दीड शतकानं आलेला चुलता कोकणात आधी वारसच समजला जातो. मी मोठ्यानं सांगितलं, की धोंडू खोताचं कूळ होता, मालक नव्हता, आणि वारसाहक्कानं इथं काही मिळायचं असलं तर ती त्यानं मागे ठेवलेली बाकी. तेव्हा कुठं हशा झाला आणि आतून चहा आला.

पुराव्याबद्दल मी त्याला साफ सांगितलं. गावाचं नाव अर्धवट जुळतं, बापाचं जुळतं, देवी जुळते, गायब झाल्याचा काळ जुळतो. तरी पुढच्याच खोऱ्यात दुसरा एखादा धोंडू बिन राघू असू शकतो, ज्याच्या खोताचं दप्तर पावसात गेलं. त्याला माझ्या सहीचा दाखला हवा होता, त्यात ‘हाच तो’ असं लिहून. मी ‘संभव फार’ असं लिहून दिलं. तो थोडा नाराज झाला. मोजणीत सुद्धा हद्दीचा दगड सापडला नाही तर नकाशावर तुटक रेघ काढतात. ती काढायची मला सवय आहे आणि तिची लाज नाही.

वाडीला तुटक रेघेचं काही वाटलं नाही. त्यांनी तो आपला ठरवून टाकला. शिमग्याला पालखी घरोघर येते तेव्हा उंबऱ्यामागे देवाची पट्टी असते, तिची एक वही आहे, शंभर पानी, शाळेची. पाहुण्यानं त्या वर्षीची पट्टी दिली, देवळाच्या कौलांसाठी वर आणखी दिले. खजिनदारानं नवी ओळ आखली आणि ‘धोंडू, मॉरिशस’ असा एक उंबरा वाढवला. मला ते योग्य वाटलं. आता त्याला एका वहीत जागा होती, आणि घेण्याच्याच निमित्तानं.

पुढच्या शिमग्याला तो येऊ शकला नाही. पैसे पाठवतो म्हणाला, पण बँकेचा काही घोळ झाला. खजिनदार कडक माणूस. देवाचा हिशोब उघडा ठेवत नाही. उंबरा लिहिला की पट्टी यायलाच हवी, म्हणून त्यानं ती भावाच्या घराकडून घेतली. मी त्या घरी गेलो होतो तेव्हा तिथला थोरला मुलगा ओटीवर बसून सुपारी कातरत होता. खोताच्या वहीतली ओळ मीच त्याला वाचून दाखवली होती.

‘दीडशे वर्सा झाली,’ तो म्हणाला, ‘तरी त्येची बाकी आमच्याच गळ्यात!’